शिपाई वळला

१

रविवारी दुपारी मी बहिणीकडून परतले, पेटी अजून ओसरीवरच होती, तोच मेव्हिस ट्रूस्कॉट फाटकातून ओरडत आली, "थेल्मा, फोटो गेला!"

मेव्हिस म्हणजे ब्रिस्बेनच्या पार उत्तरेला असलेल्या आमच्या पोर्ट लॅन्यनच्या वाचनालयाची सर्वेसर्वा. तिच्या हातून गेल्या वीस वर्षांत एक पुस्तक हरवलेलं नाही, आणि हरवलं असेल तर तिने ते कुणाला कळू दिलेलं नाही. ती अशी घामाघूम होऊन धावत आली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"कुठला फोटो? आधी बस. पाणी पी."

"विमानातून काढलेला. बागेचा. हॉटेलवाल्या डेस क्विल्टीने प्रदर्शनाला दिलेला. आत्ता कुंड्यांना पाणी घालायला गेले, तर काचेची पेटी रिकामी! उद्या दुपारी बारा वाजता समारंभ आहे, आणि सगळं गाव म्हणतंय की इनेसने चोरला."

इनेस झानेलाचं नाव निघणारच होतं. आमच्या गावात काही बिघडलं की चाळीस वर्षं झानेलांचंच नाव निघतं. नगरपालिकेने नळ द्यायचं कबूल केलं आणि नळ आला नाही, की लोक म्हणतात, "आला बरं का, झानेलाच्या निवाऱ्यात!" जे सांगितलं जातं पण कधीच होत नाही, ते झानेलाच्या निवाऱ्यात असतं. लहान पोरंसुद्धा असं बोलतात. बोलताना त्यांना कल्पनाही नसते की एक जिवंत माणूस ते ऐकतोय.

तो माणूस म्हणजे इनेसचा बाप, बोर्तोलो. वय एक्याण्णव. युद्ध आमच्या दारात आलं तेव्हा बागेत हवाई हल्ल्यापासून बचावाचे दोन सार्वजनिक निवारे बांधायचे ठरले. ईशान्य कोपऱ्यातला बोर्तोलो गवंड्याने बांधायचा, आणि नैऋत्येचा नगरपालिकेच्या माणसांनी, म्हणजे डेसच्या बापाने, मुकादम कॉन क्विल्टीने. मग बोर्तोलोला इटालियन, म्हणजे शत्रूच्या देशातला म्हणून नजरकैदेच्या छावणीत नेलं, बाग लष्कराने कुंपण घालून ताब्यात घेतली आणि गावातले निम्मे लोक दक्षिणेला पळाले. युद्ध संपून कुंपण निघालं, तेव्हा ईशान्य कोपऱ्यात फक्त एक उघडी शेड उभी होती. कॉन क्विल्टीने सांगितलं, माझा निवारा लष्कराने पाडला, झानेलाने तर विटा लाटून काही बांधलंच नाही, आणि ही शेड मी नवीन उभारली. बोर्तोलो परत आला आणि म्हणाला, ही शेडच माझा निवारा आहे, कुणीतरी फक्त भिंती काढल्यात. गाव पोट धरून हसलं. त्या दिवसापासून म्हातारा त्या छपराखाली पाऊल टाकत नाही.

आणि उद्या त्या शेडवर कॉन क्विल्टीच्या नावाची पितळी पाटी लागणार होती.

"चल," मी मेव्हिसला म्हणाले, "रिकामी पेटी दाखव."

२

माझं आयुष्य सरकारी नकाशा खात्यात विमानातले फोटो वाचण्यात गेलं. वरून पाहिलं की माणसं खोटं बोलतात ते दिसत नाही, पण त्यांनी खणलेलं, बांधलेलं, बुजवलेलं सगळं दिसतं. हा फोटो मात्र मी कधीच पाहिला नव्हता. क्विल्टीच्या हॉटेलात, पुरुषांच्या बारमध्ये तो टांगलेला असायचा, आणि माझ्या तरुणपणी तिथे बाईने पाय टाकला तर बिअरचे ग्लास आपोआप फुटतील अशी समजूत होती.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली मेव्हिसच्या टेबलाखाली खिळ्याला लटकते, हे सबंध गावाला ठाऊक. पेटीत डॉक्टर प्रुएटांचा छापील अहवाल तेवढा उरला होता. लायनेल प्रुएट हे ब्रिस्बेनहून बोलावलेले विद्वान. हरवलेले निवारे जुन्या हवाई फोटोंतून शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा. इनेसनेच हट्ट धरला होता की कुणीतरी त्रयस्थ माणूस फोटो पाहू दे. तिच्या हट्टाचं फळ माझ्या हातात होतं.

मी मोठ्याने वाचलं. "मागे तारीख, डिसेंबर १९४२. कडा कापलेल्या असल्याने तिथे उमटणारा दिशेचा बाण व वेळ दाखवणारं घड्याळ उपलब्ध नाही. बाग चारही बाजूंनी हुबेहूब सारखी आहे. तथापि मधल्या स्मारकाची आखूड, दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली आहे, त्यावरून दिशा निश्चित होतात. निवारा एकच दिसतो, तो नैऋत्य कोपऱ्यात. ईशान्य कोपरा रिकामा आहे."

"म्हणजे क्विल्टीचा निवारा होता, आणि झानेलाचा नव्हता," मेव्हिस हळूच म्हणाली. "वाईट वाटतं गं मला. पण शास्त्र आहे ते."

मी अहवाल घडी करून पिशवीत टाकला. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं.

"हसतेस काय?"

"हसत नाही. मेव्हिस, हा अहवाल डॉक्टरांनी कुठे बसून लिहिला?"

"ब्रिस्बेनला. हिवाळ्यात आपण फोटो टपालाने पाठवला होता. ते स्वतः इथे पहिल्यांदा आले ते परवा, शुक्रवारी. का?"

"काही नाही. शनिवारी कुलूप लावायच्या आधी वाचनालयात कोण कोण आलं होतं?"

तिने तीन नावं सांगितली. इनेस आली, पेटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "याला काडी लावली पाहिजे." डेस क्विल्टी समारंभाच्या पताका ठेवायला आला. आणि डॉक्टर प्रुएट चष्मा विसरलो म्हणून आले. मेव्हिस तेव्हा मागच्या खोलीत चहाचे कप विसळत होती.

"पण डोळ्यांवर चष्मा होता की त्यांच्या," ती म्हणाली आणि रिकाम्या पेटीकडे वळून पाहू लागली.

३

इनेस अंगणात कपडे वाळत घालत होती. बासष्टीची बाई, पण चादर अशी झटकते की कोंबड्या पळतात.

"ये थेल्मा. बेड्या आणल्यास का?"

"तू चोरलास?"

"मी काडी लावली असती तर भर रस्त्यात लावली असती, बँडवाल्यांना बोलावून. चोरून करायला मी काय क्विल्टी आहे?" तिने चिमटा तारेवर आपटला. "मीच बोलावलं त्या डॉक्टरला. मीच! म्हटलं, शिकलेला माणूस आहे, परका आहे, खरं सांगेल. आता पप्पा मलाच विचारतात, इनेस, तुला तरी खरं वाटतं का माझं?"

"आणि तू काय सांगतेस?"

"सांगते, हो पप्पा." तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागही आला. "पण रात्री झोप येत नाही, थेल्मा. फोटो खोटं बोलतो का गं?"

"फोटो नाही बोलत," मी म्हणाले.

आत पलंगावर बोर्तोलो पडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आशा सोडलीच होती, आता फक्त नाताळपर्यंत काढेल का एवढाच प्रश्न होता. मला पाहून तो म्हणाला, "नकाशेवाली बाई! कॉनच्या पाटीला उद्या फुलं वाहणार ना?"

"उद्या तुम्हाला बागेत घेऊन जायला येणार आहे मी."

"मी त्या छपराखाली येत नाही."

"छपराखाली नका येऊ. शिपायापाशी बसा. शिपाई वळलाय, बघायला तर या."

म्हातारा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला. नाताळ जवळ आला की आमच्या गावात बागेतल्या स्मारकावरच्या दगडी शिपायाकडे बघून असंच म्हणतात, शिपाई वळला. पोरं बागेत जाऊन ओरडतात, दुकानदार पताका लावतात. बोर्तोलोलाही ते तोंडपाठ होतं. या गावात त्याने साठ डिसेंबर काढले होते, छावणीतले सोडून.

बाहेर पडताना इनेसने माझा हात धरला. "थेल्मा, उगाच आशा लावू नकोस हं. त्यांना आता ते झेपायचं नाही."

मी कधी उगाच काही बोलत नाही, हे तिला सांगायला हवं होतं. पण आधी मला एक ग्लास बिअर प्यायची होती.

४

डेस क्विल्टी बार पुसत होता. पन्नाशीचा, आडदांड, गावात सगळ्यांना उधार देणारा आणि मागायला लाजणारा. बापाचा त्याला फार अभिमान.

"थेल्माबाई, बाईमाणसाने बारमध्ये?" त्याने डोळा मारला. "बाबा असते तर थडग्यातून उठले असते."

"उठू देत, मला त्यांना दोन प्रश्न विचारायचेत. फोटोच्या कडा कुणी कापल्या?"

"बाबांनीच. चौकटीत बसत नव्हता म्हणे." तो हात पुसत थांबला. "खरं सांगू? चौकट नंतर करून घेतली. मी लहान होतो, पण आठवतंय. मला कधी वाटलंच नाही त्यात काही."

"आणि ती शेड? सहलीच्या शेडला कुणी हातभर जाडीचं काँक्रीटचं छप्पर घालतं?"

"बाबांचं काम भक्कमच असायचं!" त्याने छाती फुगवली. "मोठ्या वादळात चर्चचं छप्पर उडालं, माझ्या हॉटेलचं उडालं, शाळेचं तर समुद्रात गेलं. शेडला ओरखडा नाही. पताका टांगायला त्यात खिळा ठोकून बघा, खिळा वाकतो."

मी मान डोलावली. कॉन क्विल्टीने गावात बांधलेलं बाकी सगळं मी पाहिलं होतं. नाट्यगृहाची पायरी दर पावसाळ्यात खचते.

"शनिवारी दुपारी डॉक्टर इथे होते ना?"

"होते की, या खिडकीपाशीच. गार बिअर मागवली. बाहेर पोरं ओरडत होती, शिपाई वळला, शिपाई वळला. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, जा, बघून या, बारा वाजलेत. ते रस्ता ओलांडून गेले, स्मारकापाशी उभे राहिले." डेसने फडकं खांद्यावर टाकलं. "गंमत सांगतो, बाई. परत आलेच नाहीत. तसेच वाचनालयाकडे गेले. ग्लास तसाच भरलेला. डिसेंबरच्या उकाड्यात गार बिअर टाकून जाणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला."

चोर मला कळला होता. पण चोर पकडून माझं भागत नव्हतं. मला फोटो हवा होता, आणि तो त्याने जाळला असेल तर बोर्तोलो खोटा ठरूनच जाणार होता.

५

सोमवारी सकाळी डॉक्टर प्रुएट मला शेडमध्येच सापडले. एका खांबाच्या बुडाशी उकिडवे बसून ते बोटांनी काहीतरी चाचपत होते. शेजारी चामडी बॅग.

"विटांचे तुटके दात आहेत ते," मी म्हणाले. "चारही बाजूंना आहेत. भिंती जोडलेल्या होत्या तिथे."

ते दचकून उठले. उंच, नीटनेटका, मानेवर उन्हाने लाल झालेला माणूस. "कॉर्बिनबाई ना? तुमचे अहवाल वाचले आहेत मी. दुर्दैवाने मला निघायचंय. अकराची गाडी आहे."

"समारंभाला थांबत नाही? तुमच्याच अहवालावरून पाटी लागतेय."

"फोटो नसताना माझं काय काम?"

"डॉक्टर, मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझा साहेब मला म्हणाला होता, थेल्मा, उत्तरेतली असूनही तू दक्षिणेच्या पुस्तकांतून शिकलीस, तर एक लक्षात ठेव. ब्रिस्बेनला बारा महिने भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. शाळेत तसंच शिकवतात, पुस्तकात तसंच लिहितात. पण ते पुस्तक लिहिणारे ब्रिस्बेनला राहतात."

 त्यांनी बॅग उचलून छातीशी धरली.

"मी पोलीस आणलेला नाही," मी म्हणाले. "आणणारही नाही. एक म्हातारा आज बाराला शिपायापाशी येऊन बसणार आहे. त्याच्याकडे फार दिवस नाहीत. तुमच्याकडे गाडी सुटेपर्यंत वेळ आहे."

"माझं नाव..." ते कसंबसं म्हणाले.

"त्यालाही नाव आहे. चाळीस वर्षं गाव त्या नावाने थट्टा करतंय."

मी पाठ फिरवून चालायला लागले. थांबून त्यांना गयावया करावी असं फार वाटलं. पण काही गोष्टी माणसाने स्वतःच्या हाताने केल्या तरच त्यांना अर्थ असतो. अकरा वाजता स्टेशनाकडून शिटी ऐकू आली, तेव्हा मी झानेलांच्या घराकडे वळले होते.

६

बाराला सगळं गाव जमलं होतं. बायकांनी केक आणले होते, बँडवाले घाम पुसत होते. माझ्याबरोबर इनेस बापाची चाकांची खुर्ची ढकलत आली तशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "फोटो कुठंय, झानेलाच्या निवाऱ्यात?" आणि चार लोक हसले. इनेस वळली. मी तिचा दंड घट्ट धरला.

डेसने पाटीवरच्या कापडाला हात घातला, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. डॉक्टर प्रुएट बॅग घेऊन सरळ स्मारकाकडे चालत आले. अकराची गाडी त्यांनी जाऊ दिली होती.

"थांबा, मिस्टर क्विल्टी," ते म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "फोटो मी घेतला. जाळायला घेतला होता. पण पुरावा जाळण्याएवढं माझं धाडस झालं नाही."

त्यांनी बॅगेतून फोटो काढून स्मारकाच्या पायरीवर ठेवला. मग हाताने वर दाखवलं. आमचा दगडी शिपाई उत्तरेला समुद्राकडे तोंड करून उभा असतो. वर्षभर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, म्हणून शिपायाची सावली त्याच्या पाठीमागे पडते. फक्त नाताळच्या आगेमागे काही आठवडे सूर्य त्याच्या पाठीशी, दक्षिणेला जातो आणि सावली त्याच्या पायांपुढे येते. तेव्हा शिपाई वळला म्हणतात. आत्ता ती आखूड काळी सावली उत्तरेकडच्या पायरीवर पडली होती.

"हे मला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "डिसेंबरचा फोटो हातात असूनही मी सावली दक्षिणेला धरली. म्हणजे सबंध फोटो उलटा धरला." ते वाकले आणि त्यांनी फोटो अर्धा फिरवला. फोटोतली सावली शिपायाच्या खऱ्या सावलीच्या दिशेला आली, आणि कोपऱ्यातला तो जाड, चौकोनी डाग नैऋत्येतून ईशान्येत गेला. बरोबर शेडच्या जागी.

 पुढचं मी सांगितलं, कारण कुणीतरी ते सांगायला हवं होतं.

"एकच निवारा बांधला गेला, आणि तो बोर्तोलोने बांधला. कॉनने आपला बांधलाच नाही. बोर्तोलो छावणीत होता, बाग बंद होती, बघायला कुणी नव्हतं. एकच निवारा उभा दिसला असता तर गावाने विचारलं असतं, तुझा कुठे; म्हणून कुंपण निघायच्या आधीच कॉनने भिंती पाडून त्याला शेड म्हटलं. हा फोटो त्याच्या हाती पडल्यावर दिशा सांगणाऱ्या कडा तेवढ्या कापल्या. चाळीस वर्षं ज्या निवाऱ्याची आपण थट्टा केली, त्याच निवाऱ्याखाली बसून केली."

सगळे डेसकडे पाहत होते. मला त्याची फार दया आली. त्याने वाकून फोटो खऱ्या सावलीशी ताडून पाहिला. मग त्याने खिशातला पेचकस काढला, शेडपाशी गेला आणि कापडासकट पाटी उतरवायला लागला. एक स्क्रू अडला, तेव्हा बँडमधला ढोलवाला मदतीला धावला.

पाटी खाली ठेवून डेस बोर्तोलोच्या खुर्चीसमोर आला. टोपी काढली. 

"झानेलाकाका," तो एवढंच म्हणाला, "आत येता का?"

म्हाताऱ्याने इनेसकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. खुर्ची डेसनेच ढकलली, हळूहळू, उन्हातून त्या छपराच्या सावलीत. बोर्तोलोने मान वर करून छप्पर पाहिलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग सुरकुतलेला हात लांब करून खांबाला लावला आणि तसाच ठेवला.  आता तो शिव्या देईल, रडेल, कॉनचं नाव घेईल असं सगळ्यांना वाटत होतं.

"गळतं का?" त्याने विचारलं.

डेसने वर छपराकडे पाहिलं.

"नाही, काका," तो म्हणाला. "एकदाही गळलं नाही."